ठाणे-नवी मुंबईकरांसाठी सरकारी रेडिएशन: बायोप्सीच्या रिपोर्टपासून शेवटच्या शेकापर्यंत

घरात कुणाला कॅन्सर निघाला की पहिल्या आठवड्यात सल्ले देणाऱ्यांची रांग लागते. कुणी म्हणतं सरळ टाटाला न्या, कुणी म्हणतं टाटाला नंबरच लागत नाही, कुणाच्या मेहुण्याच्या ओळखीतला वैद्य असतो. त्यात डॉक्टरांनी "रेडिएशन लागेल" (म्हणजे किरणांचा उपचार, बोलीत 'शेक') असं म्हटलं की घरच्यांचे प्रश्न सुरू होतात: कुठे घ्यायचं, किती दिवस चालणार, पैशांचं काय. ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, पनवेल या पट्ट्यात राहणाऱ्या आणि या वाटेला पहिल्यांदाच लागलेल्या कुटुंबांसाठी हा लेख आहे. औषधोपचार काय घ्यायचे ते डॉक्टर ठरवतील. त्याच्या भोवतीचं जे कुणी नीट बसून सांगत नाही, ते इथे आहे.

ऑपरेशन एकदा होतं. केमो बहुतेकदा काही आठवड्यांच्या अंतरानं असते. रेडिएशनला मात्र रोज जावं लागतं, सोमवार ते शुक्रवार, कधी तीन आठवडे तर कधी सात. त्यामुळे ठिकाण निवडताना रुग्णालयाच्या नावाइतकाच तिथवरचा रोजचा प्रवासही मोजा. अर्धवट सुटलेला कोर्स नामांकित ठिकाणचा असला तरी अर्धवटच.

आपल्या भागात शेक मिळतो कुठे?

२०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती, तेव्हा देशात सर्वांत जास्त. पुढे २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला, पण गर्दी काही कमी झाली नाही. एवढ्या मोठ्या वस्तीत महापालिकेच्या रुग्णालयांत, मग ते कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो की नवी मुंबई महापालिकेची वाशी, नेरूळ, ऐरोलीची रुग्णालयं, तुम्हाला तपासणी होईल, पुढे पाठवण्याचं पत्र मिळेल, पण शेक मिळणार नाही. लोकांना याचा राग येतो आणि तो चुकीचा नाही. पण रेडिएशनचं मशीन एक्स-रेच्या मशीनसारखं एखाद्या रिकाम्या खोलीत ठेवता येत नाही. त्याला दीड-दोन मीटर जाड काँक्रीटच्या भिंतींचा बंकर लागतो, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, आणि डॉक्टरांच्या जोडीला मेडिकल फिजिसिस्ट (किरणांची मात्रा बसवणारे तज्ज्ञ) व प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात. मशीन विकत आणणं त्या मानानं सोपं, ते चालवणारी माणसं टिकवणं अवघड.

तरी आपण तसे नशीबवान आहोत. खारघरच्या सेक्टर २२ मध्ये टाटा मेमोरियल सेंटरचंच 'ॲक्ट्रेक' हे केंद्र आहे. टाटा मेमोरियल केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाखाली चालतं, म्हणजे परळ आणि खारघर ही एकाच संस्थेची दोन ठिकाणं. परळचं नाव १९४१ पासून घराघरांत आहे, खारघरचं मात्र अजूनही ठाण्यातल्या कित्येकांना ठाऊक नसतं. नवी मुंबईतून परळला धापा टाकत जाणारे आणि तिथं गेल्यावर "तुमचा शेक खारघरला" असं ऐकणारे लोक नेहमी भेटतात.

परळ आणि खारघरनंतर तिसरा पर्याय म्हणजे सरकारी आरोग्य योजनेत बसणारी खासगी आणि ट्रस्टची रुग्णालयं. मशीन त्यांचं, पैसे योजनेचे. सोय घराजवळ होत असेल तर यात कमीपणा काही नाही.

पहिली पायरी: कागद गोळा करा, आणि ब्लॉक विसरू नका

बायोप्सीचा रिपोर्ट सगळेच जपून ठेवतात. पण मोठ्या कॅन्सर रुग्णालयात नुसत्या रिपोर्टवर भागत नाही, त्यांना बायोप्सीत तपासायला काढलेला तुकडा स्वतः पुन्हा तपासायचा असतो. त्यासाठी लागतात काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक. ब्लॉक म्हणजे मेणाची लहानशी वडी, त्यात तुमच्या माणसाचा तो तुकडा बसवलेला असतो, आणि कडेला बारीक अक्षरात नंबर असतो. तो नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतो का, ते लॅबच्या खिडकीवरच बघून घ्या. आमच्या ओळखीतल्या एका घरी ब्लॉक भलत्याच पेशंटचा आला होता, आणि कळलं तेव्हा आठवडा गेला होता.

लॅब कधी कधी "ब्लॉक देत नाही" म्हणून वाटेला लावते. लेखी अर्ज द्या, सोबत पेशंटचं आधार कार्ड आणि तुमचं ओळखपत्र. बहुतेकदा काम होतं. मेण असल्यामुळे उन्हात तापलेल्या गाडीत ब्लॉक ठेवू नका.

सीटी, एमआरआय, पेट यांची सीडी घ्या, नुसता छापील रिपोर्ट नको. ऑपरेशन आधीच झालं असेल तर ऑपरेशनचा तपशील आणि काढलेल्या भागाचा अंतिम रिपोर्टही हवा. सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा. तीन काढल्यात तरी वाया जाणार नाहीत.

दुसरी पायरी: नोंदणी, आणि विचारायचा एक प्रश्न

टाटाची नोंदणी ऑनलाइन करता येते. तिथं जाऊन करायची असेल तर पहाटे निघा, दुपारी पोहोचून काही उपयोग होत नाही. पेशंटची जनरल की प्रायव्हेट अशी वर्गवारी नोंदणीच्या वेळीच होते. जनरलमध्ये खर्च बराच कमी, प्रायव्हेटमध्ये तपासण्यांपासून सगळ्याचे दर चढे. उपचार तेच असतात. "प्रायव्हेट घेतलं तर डॉक्टर जास्त लक्ष देतील" या समजुतीनं कर्ज काढून प्रायव्हेट फाइल करू नका. पैशांची अडचण असेल तर नोंदणीआधीच समाजसेवा विभाग गाठा, तिथल्या लोकांना रोज हेच काम असतं. फाइलसोबत एक स्मार्ट कार्ड मिळतं, त्यात पैसे भरून ठेवायचे आणि तपासण्यांचे पैसे त्यातून वळते होतात. ते कार्ड हरवलं तर दिवस जातो, म्हणून ते एकाच माणसाकडे राहू द्या.

पुढे 'जॉइंट क्लिनिक' होतं. सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात: आधी ऑपरेशन की आधी शेक, सोबत केमो द्यायची का, शेक बरा करण्यासाठी की त्रास कमी करण्यासाठी. याच वेळी विचारा, "आम्ही कोपरखैरण्यात राहतो, शेक खारघरला मिळेल का?" हे तुम्ही बोलला नाहीत तर समोरच्या डॉक्टरांना तुमचं घर कुठे आहे हे कळायला मार्ग नाही.

आणि तारीख विचारा. सरकारी ठिकाणी मशीन थोडी आणि पेशंट फार, तेव्हा रांग असणारच. पण काही रांगांत थांबणं परवडत नाही. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर शेक साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरचा शेक आणि आतून देण्याचा शेक, म्हणजे ब्रेकीथेरपी, मिळून सगळं आठ आठवड्यांत आटपायचं असतं. तुम्हाला मिळालेली तारीख याच्या पुढे जात असेल तर डॉक्टरांनाच विचारा, "दुसऱ्या कुठल्या ठिकाणी पाठवता का?" असं विचारल्यानं डॉक्टरांचा अपमान होत नाही. जागा नसली की तेही पत्र देऊन दुसरीकडे पाठवतात.

मशीनबद्दल दोन गोष्टी, कारण बाहेरच्या बाकांवर याच्या फार गप्पा चालतात. कोबाल्ट म्हणजे किरणोत्सारी कोबाल्टच्या किरणांनी शेक देणारं मशीन, आणि 'कोबाल्ट म्हणजे जुनं आणि वाईट' हे खरं नाही. साध्या मांडणीच्या शेकाला कोबाल्ट आजही उत्तम चालतं. तुर्भ्याच्या पलीकडे ट्रॉम्ब्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात बनवलेलं 'भाभाट्रॉन' हे कोबाल्ट मशीन खारघरलाच प्रथम बसवलं गेलं. दुसरी गोष्ट प्रोटॉनची, म्हणजे नेहमीच्या किरणांऐवजी प्रोटॉन कणांनी दिलेल्या शेकाची. खारघरला २०२३ पासून प्रोटॉन उपचार सुरू झाले आहेत, पण ते मुख्यतः लहान मुलं, कवटीच्या तळाशी किंवा मणक्याजवळच्या गाठी अशा मोजक्या पेशंटसाठी. आपल्या माणसाला प्रोटॉन दिला नाही म्हणजे कुणी हात राखून उपचार केले असं नाही.

तिसरी पायरी: पैशांची सोय, शेक सुरू व्हायच्या आधी

'आधी' हा शब्द पक्का लक्षात ठेवा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आजार बसतो, रेडिएशनही बसतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत कवच आहे. पूर्वी पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती असलेली ही योजना आता पांढऱ्या कार्डवाल्यांनाही लागू आहे, आणि हे अजून पुष्कळांना माहीत नाही. पण उपचार सुरू होण्याआधी ऑनलाइन मंजुरी घ्यावी लागते. आधी रोख भरून मग "योजनेतून परत द्या" म्हणालात तर पैसे परत येत नाहीत.

रुग्णालयात शिरल्यावर आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल शोधा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर हवं. दोन्हींवरचं नाव एकसारखं आहे का ते घरीच तपासा, कारण लग्नाआधीचं नाव एकीकडे आणि नंतरचं दुसरीकडे असलं की बायकांची फाइल हमखास तिथं अडते. रेशनकार्डात नावच नसेल तर शिधावाटप कार्यालयाची फेरी आजच करा. आरोग्यमित्राला नेमकं विचारा: "या रुग्णालयाला रेडिएशनची मान्यता आहे का? आमचं पॅकेज कुठलं? ऑपरेशन, केमो आणि शेक धरून ५ लाखांतले किती उरतात?" काही रुग्णालयं योजनेत असतात, पण सगळ्याच उपचारांसाठी नसतात. तक्रार किंवा चौकशीसाठी योजनेचे टोल फ्री क्रमांक १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० हे आहेत.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, आणि घरातल्या कुणाच्याच ते लक्षात राहत नाही. पगाराची चिठ्ठी बघा. कपात असेल तर ईएसआयच्या रुग्णालयातून रेफरन्स पत्र घेऊन पुढच्या उपचारांची वाट उघडते.

योजनेत काम बसलंच नाही तर मुख्यमंत्री सहायता निधी. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, वार्षिक मर्यादा १ लाख ६० हजार रुपये, आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक. मदत रुग्णालयाच्या खात्यात जाते, तुमच्या हातात येत नाही. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाकडे तसा अर्ज मागा. तोंडी "जागा नाही" म्हणाले तर तेच लेखी मागा.

चौथी पायरी: दात आणि वजन

तोंड, जीभ, घसा यांचा शेक असेल तर आधी दातांच्या डॉक्टरकडे. किडलेला, हलणारा दात शेकाआधीच काढायचा, आणि जखम भरायला दहा-पंधरा दिवस द्यायचे. म्हणजे हे काम तारखेची वाट बघताना उरकायचं, तारीख आल्यावर नाही. शेकानंतर जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही, म्हणून ही घाई.

तंबाखू, मशेरी, गुटखा, विडी त्या दिवसापासून बंद. "आता काय फरक पडतो" असं म्हणणाऱ्या काकांना सांगा की फरक पडतो: शेक चालू असताना ओढत राहिलं तर तोंड जास्त सोलवटतं आणि उपचाराचा गुणही कमी येतो.

वजन रोज एकाच काट्यावर बघून वहीत लिहा. त्याचं कारण पुढच्या पायरीत येतं.

पाचवी पायरी: साचा

शेकाआधी एक दिवस 'सिम्युलेशन'चा असतो. डोक्या-मानेचा पेशंट असेल तर जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणून बसवतात. ऊबदार ओलं काहीतरी चेहऱ्यावर पडतं, काही मिनिटांत ते गार होऊन कडक होतं आणि चेहऱ्याचा हुबेहूब मुखवटा तयार होतो. जाळी असल्यामुळे श्वास नीट घेता येतो, तरी पहिल्या वेळी माणूस घाबरतो. बंद जागेची भीती असेल तर तंत्रज्ञाला आधी सांगा, हात वर केला की ते थांबतात. बाईंनी नथ, मंगळसूत्र घरी ठेवून जावं, पुरुषांनी दाढी त्या दिवशी जशी असेल साधारण तशीच पुढे ठेवावी.

साचा घालून सीटी काढतात. त्यावर डॉक्टर गाठ आणि वाचवायचे अवयव आखतात, फिजिसिस्ट किरणांची दिशा आणि मात्रा बसवतात. याला काही दिवस लागतात. "सीटी झाला, मग शेक का सुरू होत नाही" याचं उत्तर हे आहे. मध्येच पेशंट चार-पाच किलोनं उतरला तर साचा सैल पडतो आणि सगळं नव्यानं करावं लागू शकतं. वजनाची वही त्यासाठीच होती.

छातीच्या किंवा पोटाच्या पेशंटच्या अंगावर शाईच्या खुणा करतात. त्या घासून काढू नका. पुसट झाल्या तर घरी पेननं गिरवू नका, तिथंच सांगा.

सहावी पायरी: रोजचं जाणं

तोंडाच्या कॅन्सरला साधारण ३० ते ३५ वेळा, स्तनाच्या कॅन्सरला हल्ली बहुतेक १५ वेळा, हाडातलं दुखणं कमी करायला कधी कधी एकदाच शेक असतो. मशीनवरचा वेळ दहा-पंधरा मिनिटांचा. दुखत नाही, भाजत नाही, आवाज तेवढा येतो. उरलेला दिवस जातो प्रवासात आणि बाकावर.

ठाण्याहून खारघरला जायला नऊ-दहा नंबर फलाटावरून सुटणारी पनवेल लोकल थेट आहे. इंडिकेटरवर 'वाशी' असेल ती सोडा. चुकून बसलात तर तुर्भ्याला उतरून मागून येणारी पनवेल धरा. खारघर स्टेशनपासून ॲक्ट्रेक चालत जाण्यासारखं नाही, विशेषतः तिसऱ्या आठवड्यानंतर. एनएमएमटीची बस किंवा शेअर रिक्षा बघून ठेवा. डोंबिवली-कल्याणकडच्यांनी ठाण्याला गाडी बदलताना पुलावरच्या गर्दीत पेशंटला पुढे ठेवावं आणि स्वतः मागे राहावं. परळला जाणाऱ्यांनी स्लो लोकल घ्यावी. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो, फाइलमधलं रुग्णालयाचं पत्र जवळ ठेवा म्हणजे डब्यात वाद होत नाही. गावाहून मेल गाडीनं येणाऱ्या पेशंटला आणि सोबत्याला भाड्यात मोठी सवलत आहे, त्याचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून मिळतो. शहापूर-मुरबाडच्या पुढच्या लोकांनी रोज ये-जा करण्याच्या फंदात पडू नये. परळजवळ नाना पालकर स्मृती समिती, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा अशी ठिकाणं आहेत. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचं पत्र घेऊन तिथं जागा विचारा.

वेळ मिळते तेव्हा स्लॉटबद्दल आधीच बोला. नोकरदार मुलगा सोबत येणार असेल तर सकाळचा मागा. मिळेलच असं नाही.

खाडा करू नका. लग्न, बारसं, गणपतीत गावी जाणं, सगळं पुढे ढकला. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये कोर्स एकेक दिवस लांबला की रोग आटोक्यात राहण्याची शक्यता दिवसाला साधारण एका टक्क्यानं घटते, असं या विषयातले लोक मानतात. मशीन बंद पडलं किंवा पावसानं लोकल ठप्प झाली तर तो दिवस कसा भरून काढणार हे दुसऱ्याच दिवशी विचारा. कधी शनिवारी बोलावतात, कधी एका दिवसात सहा तासांच्या अंतरानं दोनदा देतात. हे त्यांनी ठरवायचं, पण विचारायचं तुम्ही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या. मऊ भात, मुगाचं वरण, पेज, अंडं, खीर चालते. ठेचा, लोणचं, तळण सुटी घेईल. गिळताच येईना तर नाकातून नळी घालतात. नळी म्हणजे शेवट, असं समजून घरात रडारड होते. ती तात्पुरती असते, आणि नळी असलेल्या कितीतरी पेशंटचं वजन टिकतं म्हणून कोर्स पुरा होतो. शेकाच्या जागी हळद, खोबरेल तेल, उटणं, साबण काही लावू नका. डॉक्टर देतील तेवढंच मलम. सैल सुती कपडे घाला. पोटाच्या खालच्या भागाचा शेक असेल तर लघवी भरलेली ठेवून यायला सांगतात, किती पाणी किती वेळ आधी प्यायचं ते विचारून रोज तसंच करा. जुलाब लागले तर ओआरएस आणि डॉक्टरांना कळवणं. सोबत केमो असेल आणि ताप आला तर पॅरासिटॅमॉल देऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीच कॅज्युअल्टी गाठा.

बाहेरून दिलेल्या शेकानं माणूस किरणोत्सारी होत नाही. नातवाला मांडीवर घ्या, एका ताटात जेवा. केस फक्त शेकाच्या जागचे जातात.

शेक संपल्यावर

शेवटच्या दिवशी उपचारांचा गोषवारा लिहिलेला कागद मागून घ्या: कुठल्या भागाला, किती मात्रा, किती वेळा, कुठल्या तारखांना. पुढे कधी पुन्हा शेकाची वेळ आली तर नवे डॉक्टर आधी हाच कागद मागतील. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. संपल्यानंतरचे पहिले दोन आठवडे त्रास वाढल्यासारखा वाटतो, मग उतरू लागतो. म्हणून सहा-आठ आठवड्यांनी दिलेली तपासणीची तारीख 'आता बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही. आणि तोंडाचा शेक घेतलेल्या माणसाचा दात पुढे कधीही, दहा वर्षांनीसुद्धा, काढायची वेळ आली तर गल्लीतल्या दवाखान्यात खुर्चीवर बसण्याआधी डेंटिस्टला तो कागद दाखवायचा.